घोडा की गोडं?

गुरुवार : खेड, दापोली, दाभोळ

निघतानाच मेव्हण्याने अट घातली होती : दोन्ही वेळेला मासे मिळणार असतील तर येतो. माझीही एक अट होती. वाटेत मी गावांच्या नावांची चौकशी करत बसणार, तेव्हा त्याने गाडीतून हॉर्न वाजवायचा नाही. ताम्हिणी उतरलो, माणगाव-महाड मागे टाकलं आणि खेडला चहा घेताना तोच म्हणाला, "गावाचं नाव खेड आणि आहे तालुक्याचं शहर. मग आसपासच्या खेड्यांना हे लोक काय म्हणत असतील?" म्हटलं, लागण झाली.

दापोलीत रस्ता विचारला तर एका आजोबांनी उलट विचारलं, "कँपात जायचंय का?" १८१८ नंतर इंग्रजांनी इथे छावणी ठेवली होती. छावणी कधीच उठली, जुन्या माणसांच्या तोंडचा कँप काही उठला नाही.

दाभोळला पोचलो तेव्हा फेरीबोट पलीकडे होती, म्हणून धक्क्याजवळच्या जुन्या मशिदीपाशी सावली धरली. हिला शाही मशीद म्हणतात, माँसाहेबांची मशीद म्हणतात आणि अंडा मशीदही म्हणतात. दाभोळ हे नाव दालभ्य ऋषींवरून पडलं असं गावात सांगतात. कोकणात हा शिरस्ताच आहे. गाव जुनं असलं की त्याला एखादा ऋषी मिळतो, किल्ल्याच्या आसपास असलं की महाराज मिळतात, आणि दोन्ही नसलं की पांडव एका रात्रीत येऊन काहीतरी अर्धवट बांधून जातात.

दाभोळला मोठं व्हायला ऋषींची गरज नव्हती म्हणा. बहमनी आणि पुढे आदिलशाही काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचं नावाजलेलं बंदर. दख्खनच्या सुलतानांना घोडे लागत. इथल्या हवेत चांगला घोडा पैदा होत नसे, म्हणून ते अरबस्तानातून, इराणकडून गलबतांत घालून आणायचे. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी स्वतःचा घोडा घेऊन चौलला उतरला होता. दाभोळला घोडे येतात हेही त्याने लिहून ठेवलं आहे. हे घोडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

फेरीबोटीतून वाशिष्ठीचं मुख ओलांडताना समोर अंजनवेलचा वीजप्रकल्प दिसतो. एन्रॉनच्या दिवसांत रोज पेपरात गाजलेला ‘दाभोळ प्रकल्प’ तो हाच. तो दाभोळात नाही. खाडीच्या अलीकडे दाभोळ, पलीकडे गुहागर तालुक्यात प्रकल्प. जमिनी गेल्या अंजनवेल-रानवीकडच्या आणि जगभर नाव झालं दाभोळचं. धोपाव्याला उतरून गुहागर गाठलं. रात्री सुरमई चांगली होती, बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

शुक्रवार : गुहागर, वेळणेश्वर, हेदवी

गुहागर या नावातलं ‘आगर’ समजायला कुणाला विचारावं लागत नाही. बाजारपेठेचा लांबच लांब रस्ता, रस्त्याला घर, घरामागे माडा-पोफळींची चिंचोळी पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला समुद्र. शेजारच्याची पट्टीही तशीच, त्याच्या शेजारच्याचीही. सकाळी व्याडेश्वराचं दर्शन घेऊन एका ओळखीच्यांच्या आगरातून थेट पुळणीवर गेलो. पाटाचं पाणी चालू होतं, पण मालक म्हणाले की पूर्वी रहाट दिवसभर चालायचा तरी विहीर तळ दाखवायची नाही. आता पंप तासभर चालवून बंद करावा लागतो.

वेळणेश्वरला एकाने मोठ्या भक्तिभावाने सांगितलं की नवसाला पावायला वेळ न लावणारा तो वेळणेश्वर. मेव्हण्याला हे फार आवडलं. मला ‘वेळ’ म्हणजे किनारा हा जुना अर्थ जास्त पटतो. बाणकोटजवळचं वेळास, इथून जवळचं वेलदूर, सगळी समुद्राच्या कडेचीच. पण देवळाच्या पायरीवर बसून हे बोलण्यात शहाणपणा नाही.

हेदवीला भरतीची वेळ साधून गेलो. आदल्या दिवशी हनुमान जयंती, म्हणजे पौर्णिमा झालेली, तेव्हा साडेबारा-एकला पाणी पूर्ण चढणार हा हिशेब सोपा होता. बामणघळ म्हणजे काळ्या खडकातली अरुंद चीर. लाट आत शिरते, तिला पुढे जायला जागा उरत नाही आणि सगळं पाणी धडाडून वर उडतं. पावसाळ्यात ते पाहावं. एप्रिलमध्ये नुसते भिजलो.

संध्याकाळी आम्ही ज्या गावासाठी निघालो होतो तिथे पोचलो. गाव हेदवी आणि तवसाळ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे एवढंच सांगतो. शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. नावावरून गावात मानपानाचा वाद चालू आहे, म्हणून जागा मोघम ठेवली आहे आणि नावही मूळचं न देता त्याच मापाचं दुसरं बेतलं आहे. आपण त्याला घोडेपाणी म्हणू. फाट्यावरच्या पाटीवर मराठीत ठसठशीत ‘घोडेपाणी’ लिहिलेलं होतं. त्याच पाटीवर खाली इंग्रजीत लिहिताना मात्र ‘एच’ गायब. म्हणजे मराठी वाचणारा घोड्याकडे जातो आणि इंग्रजी वाचणारा गोड्या पाण्याकडे. मागच्या खेपेला चालत्या गाडीतून ही पाटी दिसली होती आणि तेव्हापासून डोक्यात बसली होती.

शनिवार : घोडेपाणी

घरगुती मुक्काम होता. सकाळी काकींनी घावणे आणि ओल्या काजूची उसळ दिली. काजूचा हंगाम उतरणीला लागलेला, "ही शेवटची हो," असं त्या तीनदा म्हणाल्या. चहा पुढे करताना बजावलं, "चा खारट लागंल, भाऊ. सवय नाय तुमाला." खरंच लागला. नळाचं पाणी दिवसाआड, आणि परड्यातली बाव एप्रिल अर्धा झाला की मचूळ होते. गावाच्या नावात पाणी, आणि पाहुण्याला चहा खारट.

ग्रामदेवतेचं देऊळ सड्याखाली, आंब्या-फणसाच्या राईत. गुरवबुवा आतलं आवरून बाहेर आले आणि आधी आम्हाला देवळामागे घेऊन गेले. तिथे कमरेएवढा एक दगड मातीत रुतलेला. वर चंद्रसूर्य, मधल्या पट्टीत पिंडीपुढे हात जोडून बसलेला माणूस, खालच्या पट्टीत घोडेस्वार. वीरगळ. कुणीतरी लढाईत पडला, त्याची ही आठवण. शेंदराचे इतके थर चढले आहेत की घोड्याचे पाय दिसत नाहीत, मान आणि लगाम धरलेला हात तेवढा कळतो. बुवा म्हणाले, "हाच तो घोडा."

गोष्ट अशी. महाराज दाभोळवरून स्वारीला निघाले होते. घोडा तहानला. गावातल्या एका घराने आपल्या बावीचं पाणी पाजलं. महाराज प्रसन्न झाले, गावाला नाव दिलं आणि घराला मान. शिमग्यात पालखी सहाणेवरून, म्हणजे ती ठेवायच्या चौथऱ्यावरून, उठली की पहिली त्या घरच्या अंगणात जाते, आणि पालखी नाचवणाऱ्यांना तांब्याच्या कळशीतून त्याच बावीचं पाणी दिलं जातं. आजही. तेव्हा हे नाव पुसलं तर मानही पुसला जाणार. तो वाद नुसत्या एका अक्षराचा नाही.

स्वारी खरी आहे. १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाला अडवल्यावर महाराज दाभोळ, चिपळूण, संगमेश्वर करत राजापूरपर्यंत गेले. पण त्या वाटेने जाणारं सैन्य इतकं समुद्राकडे वाकडं का येईल? मी हे बोललो नाही. मेव्हणा बोलला. बुवा रागावले नाहीत. "घोडा तहानला की वाट बगतो, नकाशा बगत नाय," म्हणाले. बरोबर आहे.

मानकऱ्यांच्या घरी बाव पाहिली. जांभ्या चिऱ्यांची, चौकोनी, पायऱ्या असलेली, काठाला दोरीने पडलेल्या खाचा. पाण्यावर विजेचा पंप लटकत होता. घरातल्या तरुण मुलाने पुण्यातली नोकरी सोडून परड्यात चार खोल्या बांधल्या आहेत आणि त्याच्या माहितीपत्रकावर उधळलेला घोडा आहे. गावाच्या वेशीवर स्वागत कमान व्हायची आहे. तिच्यावर सिमेंटचे दोन घोडे समोरासमोर उभे करायचं चित्रही त्याने काढून घेतलं आहे. ते चित्र त्याने मोबाइलवर मोठं करून दाखवलं. एका घोड्याला पंख होते.

दुपारी खारवीवाड्यात गेलो. तिथे महाराजांचं नाव कुणी काढलं नाही. होडीच्या सावलीत जाळं सांधत बसलेले एक काका म्हणाले, घोडा समुद्रात आहे. बोट दाखवलं तिकडे खडकांची रांग, अर्धी पाण्यात. वारा असला की तिच्यावर लाट फुटते आणि पांढरी आयाळ उडते. रात्री होडी आणताना घोडा उजव्या हाताला ठेवायचा, त्याच्या अलीकडे पाणी खोल. घोड्यापाशी आलो म्हणजे घरी आलो. म्हणजे घोडं-पाणी. आणि देवळातला दगड? "तो त्येंचा घोडा." सुईतून डोळा न काढता म्हणाले.

मेव्हण्याला इथे ताजे बांगडे मिळाले, त्यामुळे त्याचं मत खारवीवाड्याच्या बाजूने पक्कं झालं. मी मात्र गुरुवारचे दाभोळचे घोडे घेऊन बसलो होतो. वादळात सापडलेलं एखादं गलबत या खडकावर फुटलं असेल, अरबी घोडे पोहत किनाऱ्याला लागले असतील... रचायला गोष्ट छान आहे. पुरावा मात्र तिच्या बाजूने एवढासुद्धा नाही.

संध्याकाळी गुरुजींकडे गेलो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून वर्गातला. त्यांनी आधी मला विचारलं, "किती जणांना विचारलंत?" सांगितलं. "गावाचं नाव गावाला विचारू नये," म्हणाले. "गाव आपल्याला शोभेल तेच सांगणार. शेतांची नावं विचारावीत. त्यांत कुणाचा मान अडकलेला नसतो."

मग त्यांनी वही काढली. शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, तांबड्या रेघा आखून, गावातल्या प्रत्येक तुकड्याचं नाव लिहिलेलं. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. आपण सगळे गट नंबर, क्षेत्र आणि कब्जेदार पाहतो, तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. गुरुजींनी नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी फिरून ती नावं गोळा केली होती, रकान्यातली आणि रकान्यात न आलेलीही. मी काही उतरून घेतली : मिठाचं खाजण, पडावबांध, तांडेलाची पाटी, जकातीचा माळ, गोड्याची बाव.

आता ही नावं एका रांगेत वाचा. पडाव, म्हणजे मालाच्या होड्या, लागायचे तो बांध. तांडेलाची, म्हणजे नावेच्या म्होरक्याची जमीन. जकात घ्यायची ती जागा. आज जिथे दोन होड्या आणि चार कुत्री असतात तिथे कधीकाळी बऱ्यापैकी बंदर होतं, हे गावाच्या एकाही कथेत नाही आणि या वहीच्या एका पानात आहे. बंदराला सगळ्यांत आधी काय लागतं? किनारा धरून जाणाऱ्या गलबतांना दर काही दिवसांनी पिंपं भरून घ्यावी लागत. ज्या बंदराला समुद्राच्या कडेलाच गोडं पाणी, त्याची ख्याती खलाशांत आपोआप होणार. गोडेपाणी. गुरुजींच्या मते नाव हेच.

मग घोडा शिरला कसा? यावर त्यांचं उत्तर फार सुंदर होतं. इकडच्या बोलीत बघा चं ‘बगा’ होतं, मध्ये चं ‘मदी’. बाहेरून आलेल्या कारकुनाला हे ठाऊक. गावकऱ्याने ‘गोडेपाणी’ सांगितलं, कारकुनाने मनात म्हटलं, याला घोडे म्हणायचं आहे, आणि शुद्ध करून लिहिलं. जे चुकलेलंच नव्हतं ते सुधारलं. पुढे कागदावरचं नाव शाळेत आलं, शाळेतून मुलांच्या तोंडात. "मीच शिकवलंय," गुरुजी म्हणाले, "भूगोलाच्या तासाला. घोडेपाणी. घ घोड्यातला."

आम्ही उठल्यावर दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, उद्या ओहोटीला पुळणीवर जा.

रविवार : पुळण, मग तवसाळ

वद्य तृतीया, ओहोटी आठच्या सुमारास. काकींच्या नातवाला बरोबर घेतलं. पुळण संपून कातळ सुरू होतो तिथे, एरवी पाण्याखाली असणाऱ्या वाळूत, त्याने हाताने ढोपरभर खड्डा केला. आधी गढूळ पाणी आलं, ते उपसून टाकलं. पुन्हा आलं ते नितळ. खड्ड्याच्या तळाशी वाळूचे कण हलत होते, खालून कुणी फुंकर घालावी तसे. समुद्र वीस-पंचवीस पावलांवर. ओंजळीने प्यायलो. थंड, आणि गोडं. नारळपाण्यासारखं वगैरे नाही. साधं, चव नसलेलं, कालच्या चहात जे नव्हतं ते.

यात चमत्कार काही नाही. सड्याचा जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात इथे तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बराचसा वाहून जातो आणि थोडा जांभ्यात झिरपून हळूहळू खाली, किनाऱ्याच्या रेषेला बाहेर पडतो. जमिनीखालीही समुद्राचं पाणी आत शिरलेलं असतंच, पण गोडं पाणी हलकं म्हणून त्याच्यावर तरंगतं. हिशेब असा सांगतात की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. हाच हिशेब उलटाही चालतो. उपसा करून वरची पातळी हातभर उतरवली की खालून खारं पाणी कितीतरी हात वर चढतं. किनाऱ्यालगत गेल्या काही वर्षांत ज्या बोअरवेल खणल्या गेल्या त्यांनी नेमकं हेच केलं आहे. ज्या पाण्यावरून गावाला नाव मिळालं असावं, ते पाणी उपसून त्याच नावाच्या घोड्याचं चित्र लावलेल्या खोल्यांतल्या शॉवरला जातं. मानकऱ्यांचा मुलगा वाईट नाही, हुशार आहे. पण त्याने कमानीआधी बावीचा विचार करावा असं त्याला सांगून आलो. "बघू," म्हणाला. घ स्पष्ट होता.

तर, गोडं की घोडा? माझा कौल गोड्याला. पण एक खडा दाताखाली येतोच. ‘गोड्याची बाव’ हे नाव गुरुजी गोड्या पाण्याचं धरतात. बोलीत घोड्याचा गोडा होत असेल तर हीच बाव ‘घोड्याची’ही असू शकते. जो नियम कारकुनाला खोटा पाडतो तोच नियम गुरुजींच्या पुराव्यालाही सुरुंग लावतो. १८८० च्या गॅझेटिअरचा रत्नागिरीचा खंड चाळला, त्यात या गावाची दखलच नाही. म्हणून झऱ्याच्या बाजूने कौल दिला तरी खारवीवाड्यातला घोडा मी पुरता सोडलेला नाही. आयाळ मी स्वतः पाहिली आहे.

काकींनी डब्यात आंबोळ्या बांधून दिल्या आणि तवसाळला फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिलो. पलीकडे जयगड, किल्ल्याचे बुरूज आणि त्यापुढे बंदराच्या क्रेन. शास्त्री नदीच्या मुखावर वारा सुटला होता. शेजारच्या टेम्पोत आंब्याच्या पेट्या होत्या. त्याचा मालक कुठून आलात विचारू लागला, तर मेव्हण्याने हौसेने सगळं पुराण सांगितलं. गुरव, खारवी, गुरुजी, खड्डा, कमान.

मालकाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ती बाव त्यांच्यात नाय. आमच्यात आहे."

तो वहाळाच्या पलीकडल्या वाडीचा निघाला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे वहाळाने पात्र बदललं तेव्हा बाव, झरा आणि जकातीचा माळ सगळं त्या अंगाला गेलं. जमीन गेली ती गेली, जाताना नावही घेऊन गेली. मूळ गाव आमचं, ते लोक मागून येऊन बसलेले. दिवाणी दावा लागला आहे, आजोबांच्या वेळचा.

"मग तुमच्या वाडीला काय म्हणतात?" मी विचारलं.

"नुस्ती वाडी. नाव तिकडे राहिलं ना."

"आणि तुमच्या मते ते घोडे की गोडे?"

त्याने थोडा विचार केला. "दाव्यात दोन्ही लिवलंय," म्हणाला. "वकील बोलला, एक तरी लागंल. तारीख जूनमध्ये आहे, ऐन लावणीत." आणि लगेच पेटीचा भाव सांगितला. बोट जयगडला लागेस्तोवर घासाघीस चालली. मेव्हण्याने शंभर रुपये उतरवून घेतले आणि वर चार रायवळ सुटे मिळवले.